फोंड्यातील एक गिरणी आणि तिची गव्हाची वही

गोव्यात गहू पिकत नाही. डिसेंबर-जानेवारीतही आपल्याकडे रात्रीचा पारा अठरा-वीस अंशांच्या आसपासच थांबतो आणि गव्हाला फुटवे धरायला जी थंडी लागते ती इथे मिळत नाही. त्यामुळे आपल्या पोळीतला, पदेराच्या (पाव भाजणाऱ्याच्या) उंड्यातला आणि चवथीच्या नेवऱ्यांतला गहू घाट उतरून किंवा रेल्वेने परराज्यांतून येतो. पिकवणारा शेतकरी डोळ्यांसमोर नसल्याने गहू घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो, भाव काय आणि पोळी मऊ होते का. गेले दीड वर्ष मी फोंडा परिसरातील ज्या गिरणीतून दळण आणते, तिथे तिसरा प्रश्नही विचारता येतो. हा गहू कोणत्या जमिनीत, कोणत्या खतावर आणि किती पाण्यावर वाढला, याचे उत्तर तिथे वहीत लिहिलेले असते. उच्च माध्यमिक वर्गांना सत्तावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यामुळे त्या वहीने मला पहिल्याच दिवशी धरून ठेवले, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते.

गिरणी लहान आहे. एक दगडी चक्की गव्हासाठी, दुसरी तांदूळ आणि डाळींसाठी, आणि मिरची-मसाल्याचे यंत्र मागच्या खोलीत वेगळे, म्हणजे कणकेला तिखटाचा वास लागत नाही. भिंतीलगत लाकडी फळ्यांवर पोती रचलेली असतात आणि प्रत्येक पोत्यावर खडूने क्रमांक घातलेला असतो. तोच क्रमांक वहीत शोधला की एकदोन ओळींची नोंद सापडते. माझ्या पहिल्या खरेदीची नोंद अशी होती : ‘खपली, बैलहोंगल तालुका, काळी जमीन, पेरणी नोव्हेंबरचा पहिला आठवडा, शेणखत, युरिया नाही, दोन पाणी.’ शेजारच्या पोत्याची : ‘लोकवन, बागायत, डीएपी पेरणीसोबत, युरिया दोन हप्ते, पाच पाणी.’ युरिया हे नत्राचे (नायट्रोजनचे) खत, आणि डीएपी मुख्यतः स्फुरदाचे (फॉस्फरसचे). गिरणीवाले काका मार्च-एप्रिलमध्ये स्वतः घाटावर जातात, खळ्यावर माल पाहतात आणि शेतकऱ्याला विचारून हे टिपून आणतात. सगळ्याच पोत्यांची माहिती मिळत नाही. शरबती व्यापाऱ्यामार्फत मध्य प्रदेशातून येतो, आणि त्याच्यापुढे ‘माहिती नाही’ असे सरळ लिहिलेले आहे. मला त्या दोन शब्दांनी जास्त विश्वास दिला.

वहीच्या वर मात्र एक पाटी टांगलेली आहे : ‘रासायनिक खत नाही, म्हणून सत्त्व दुप्पट.’ या गिरणीशी माझा जो काही मतभेद आहे तो या पाटीशी आहे. तो नीट मांडायचा तर सत्त्व म्हणजे नेमके काय आणि ते दाण्यात कुठे असते, इथून सुरुवात करावी लागेल.

गव्हाच्या दाण्याचा सुमारे ८३ टक्के भाग पिठाळ गाभा असतो, साधारण १४-१५ टक्के कोंडा आणि दोन-तीन टक्के अंकुर. पोट भरते ते गाभ्याने, पण आरोग्याच्या दृष्टीने ज्या घटकांची चर्चा होते ते बहुतेक सारे कोंड्यात आणि अंकुरात असतात. ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या फिनॉलिक आम्लांपैकी गव्हातले प्रमुख म्हणजे फेरुलिक आम्ल. ते कोंड्याच्या पेशीभित्तिकांत तंतुमय पदार्थांना घट्ट जखडलेले असते. अल्किलरिसॉर्सिनॉल नावाची संयुगे कोंड्याच्या एका थरापुरतीच मर्यादित असतात, इतकी की माणसाने अख्खे धान्य खाल्ले आहे की नाही हे त्याच्या रक्तातील या संयुगांवरून ओळखता येते. ई जीवनसत्त्व मुख्यतः अंकुरात असते. जस्त आणि लोह कोंड्याच्या आतल्या थरात व अंकुरात अधिक असतात, पण त्यांच्या शेजारीच फायटिक आम्लही असते आणि ते या धातूंना धरून ठेवते, त्यामुळे शरीराला त्यांतला थोडाच वाटा मिळतो. बन्सी (ड्युरम) गव्हाचा दाणा दातांखाली फोडला तर आतून काचेसारखा पिवळसर दिसतो. तो पिवळेपणा ल्युटिनचा आहे.

इतके वेगवेगळे घटक एकाच खताने एकाच दिशेने कसे सरकतील? प्रत्यक्षात ते तसे सरकत नाहीत, आणि पाटीवरचे वाक्य नेमके तिथेच अडखळते.

नत्राचे उदाहरण घेऊ. युरिया दिला की दाण्यातील प्रथिने वाढतात, विशेषतः नत्राचा एक हप्ता उशिरा, पीक ओंबीवर येण्याच्या सुमारास मिळाला तर. नत्र कमी पडलेल्या झाडात प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेला कार्बन प्रथिनांकडे वळू शकत नाही, म्हणून तो फिनॉलिक संयुगांकडे वळतो, असा एक मान्य तर्क आहे. त्याप्रमाणे कमी नत्राच्या गव्हात ही संयुगे वाढलेली काही प्रयोगांत आढळली, तर काहींत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. सेंद्रिय गव्हाच्या बाजूने बोलायचे तर एवढेच बोलता येते. परंतु त्याच नत्राची दुसरी बाजू पाटी लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली नाही. जमिनीत जस्त पुरेसे असेल तर नत्राचे योग्य पोषण मिळालेला गहू मुळांतून अधिक जस्त व लोह उचलतो आणि दाण्यापर्यंत पोहोचवतो, कारण हे धातू वाहून नेणारी आणि दाण्यात साठवून ठेवणारी यंत्रणा प्रथिनांवर चालते. म्हणजे ज्या घरात रक्तातील लोहाची चिंता आहे, तिथे युरिया न दिलेला गहू अधिक चांगला असेलच असे नाही. आमच्या सासूबाईंच्या रक्ताचा अहवाल आला तेव्हा मी हाच विचार करून वहीत लोकवनचे पान पुन्हा उघडले होते.

स्वित्झर्लंडमध्ये तेरविल या गावी १९७८ पासून सेंद्रिय आणि पारंपरिक पद्धतीची शेती एकाच शिवारात शेजारी शेजारी करून तुलना चालू आहे. तिथल्या सेंद्रिय गव्हात प्रथिने कमी भरली, बाकीच्या पोषक घटकांत मात्र मोठा फरक सापडला नाही. मी सेंद्रिय शेतीच्या विरोधात नाही. जमिनीचा कस, पाण्यातील नायट्रेट, शेतकऱ्याचा खर्च ही त्यासाठीची भक्कम कारणे आहेत. ‘सत्त्व दुप्पट’ हे मात्र त्यांपैकी नाही, आणि चांगल्या गोष्टीला चुकीच्या कारणाचा टेकू दिला की तो टेकू कधीतरी निघतो.

डीएपीचा प्रकार वेगळा आहे. स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडले की गव्हाच्या मुळांशी राहणारी आणि जस्त मिळवून देणारी बुरशी कमी होते, दाण्यात जस्त घटते आणि वर फायटिक आम्ल वाढते. म्हणजे जस्त कमी, आणि असलेले जस्त अडवणारा पदार्थ जास्त. वहीतील ‘डीएपी पेरणीसोबत’ ही नोंद म्हणून महत्त्वाची आहे, पण ती अपुरी आहे, कारण किती डीएपी आणि माती परीक्षण करून की अंदाजाने, हे त्यात नाही. भारतातील एक तृतीयांशाहून अधिक शेतजमिनीत जस्ताची कमतरता आहे. घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर असलेले जस्तही पिकाला सहज मिळत नाही. तिथे शेणखताने मदत होते, पण खरा फरक पडतो तो झिंक सल्फेटने. पीक पोटरीत असताना आणि पुढे दाणे चिकात असताना अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाची फवारणी केली तर दाण्यातील जस्त चांगले वाढते. नुसते जमिनीतून दिले तर उत्पन्न वाढते, दाण्यातले जस्त तितके वाढत नाही.

खताच्या पोत्यातून माणसाच्या रक्तापर्यंतचा प्रवास किती सरळ असू शकतो याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण फिनलंडचे आहे. तिथल्या जमिनीत पिकाला मिळण्याजोगे सेलेनियम फार कमी, त्यामुळे धान्यात कमी आणि लोकांच्या रक्तातही कमी. तेथील शासनाने १९८४ मध्ये निर्णय घेऊन मिश्रखतांतच सोडियम सेलेनेट मिसळायला लावले आणि थोड्याच वर्षांत धान्यातील व लोकांच्या रक्तातील सेलेनियम वाढले. ते कारखान्यात तयार झालेले रासायनिक खतच होते. पाटीखाली उभी राहून मी हे काकांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बाई, मग गिऱ्हाइकाला एका ओळीत काय सांगू?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडेही एका ओळीचे उत्तर नव्हते.

गंधकाचा उल्लेख वहीत कुठेच नाही आणि तो असायला हवा. पूर्वी शेतकरी सिंगल सुपर फॉस्फेट वापरत, त्यात सुमारे ११ टक्के गंधक असे. डीएपी आल्यावर त्याचा वापर घटला. गंधक कमी पडले की दाण्यात ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल साठते, आणि असे पीठ कोरड्या, कडक उष्णतेत भाजले की त्यातून ॲक्रिलामाइड तयार होते. भाजलेल्या आणि तळलेल्या पदार्थांतील हे घातक रसायन २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनातून जगासमोर आले. पोळीच्या बाबतीत याची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण ती तव्यावर थोडाच वेळ असते. पण आपल्याकडे चहात बुडवून खाल्ली जाणारी कडक कांकणे, टोस्ट आणि पदेराच्या भट्टीत करपलेली कड यांचा विचार केला तर शेतात गंधक देणाऱ्या जिप्समचे एक पोते पडले होते की नाही, याचा संबंध आपल्या न्याहारीशी येतो.

खताइतकाच, आणि कित्येकदा खताहून जास्त, फरक हवामानाने आणि वाणाने पडतो. युरोपीय संघाने २००५ ते २०१० या काळात चालवलेल्या हेल्थग्रेन प्रकल्पात गव्हाचे २६ वाण सहा निरनिराळ्या परिस्थितींत, म्हणजे वेगळ्या देशांत आणि वेगळ्या वर्षी, पिकवून तपासले गेले. तंतुमय पदार्थांचे प्रमाण बरेचसे वाणावर ठरते असे दिसले. फिनॉलिक आम्लांपैकी पेशीभित्तिकेला जखडलेला मोठा वाटा तुलनेने स्थिर राहिला, तर मुक्त स्वरूपातला छोटा वाटा वर्षागणिक आणि शेतागणिक मोठ्या प्रमाणात बदलला. म्हणून एका वर्षीच्या एका पोत्याची तपासणी करून त्या वाणाचे गुण कायमचे छापणाऱ्या पाकिटांवर माझा विश्वास नाही.

हे मी घरीही थोडेफार पाहिले. गेल्या उन्हाळ्यात गिरणीत आलेल्या लोकवनची दोन पोती एकाच तालुक्यातली होती, एक वेळेवर पेरलेले आणि एक डिसेंबरच्या अखेरीस पेरलेले. सोन्याच्या काट्यावर शंभर दाणे मोजून ठेवले तर पहिल्याचे वजन साडेचार ग्रॅम भरले आणि दुसऱ्याचे साडेतीनही भरेना. उशिरा पेरलेल्या पिकाला दाणा भरताना मार्चचे ऊन लागते, गाभ्यात पिष्ट भरण्याचा काळ आखडतो आणि दाणा सुरकुततो. अशा बारीक दाण्यात कोंड्याचा वाटा वाढतो, त्यामुळे प्रथिने, तंतू आणि फिनॉलिक पदार्थ टक्केवारीत जास्त दिसतात. प्रयोगशाळेच्या कागदावर हा गहू अधिक पौष्टिक ठरेल. पण दाण्यागणिक पाहिले तर त्यात काही वाढलेले नाही, फक्त पिष्ट कमी झाले आहे, आणि शेतकऱ्याला एकरी माल कमी मिळाला आहे. पोळीही थोडी चिवट झाली. काकांनी ते पोते स्वस्त लावले होते आणि कारण विचारल्यावर लपवले नाही.

वाणाच्या बाबतीत इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या ब्रॉडबाल्क शेताची कहाणी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे १८४३ पासून एकाच शेतात गहू घेतला जातो आणि जुने दाणे जपून ठेवले आहेत. ते तपासल्यावर असे आढळले की १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातील जस्त, लोह, तांबे आणि मॅग्नेशियम साधारण स्थिर होते आणि बुटके, जास्त उत्पन्न देणारे वाण आल्यावर ते घसरले. जमिनीतील प्रमाण घसरलेले नव्हते. शेणखत घातलेल्या पट्ट्यातही दाण्यातली घट दिसली, म्हणजे खताचा प्रकार बदलून हा प्रश्न सुटत नव्हता. नव्या संशोधनाने मात्र ही दिशा काही प्रमाणात उलट फिरवली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी प्रकारचा वाण कोरडवाहू जमिनीसाठी आहे, त्यात प्रथिने १४.७ टक्के आहेत आणि जस्त किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या वर. नेहमीच्या गव्हात जस्त बहुधा २० ते ३५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. असा गहू या गिरणीत अजून आलेला नाही. तो आणावा अशी विनंती मी केली आहे.

आता खपलीविषयी, कारण गिरणीत सर्वाधिक चौकशी तिचीच होते आणि तिचा दर लोकवनच्या दुपटीहून अधिक आहे. खपली हा प्राचीन, सालीत घट्ट बसलेला गहू. मळणीत तो सुटत नाही, सडावा लागतो, आणि महागाईचे निम्मे कारण तेच आहे. बेळगाव-धारवाडकडे त्याची हुग्गी (खिरीचा प्रकार) होते आणि इथे आणलेल्या खपलीच्या रव्याची खीर खरोखर अप्रतिम होते, दाणा शिजूनही मोडत नाही. पोळीसाठी मात्र गरम पाण्यात कणीक भिजवून तासभर ठेवावी लागते, नाहीतर कडा फाटतात. गिरणीच्या फळीवर बाहेरच्या एका उत्पादकाची खपली पिठाची पाकिटेही विकायला होती आणि त्यांवर ‘ग्लुटेनविरहित’ असे छापले होते. हे साफ चुकीचे आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सिलिॲक विकार असलेल्या मुलाला त्या छापील शब्दावर विसंबून कोणी ते खाऊ घातले तर त्याच्या आतड्यांना इजा होईल. मी दाखवून दिल्यावर काकांनी त्याच आठवड्यात ती पाकिटे परत पाठवली. विक्रीतला तोटा सोसून केलेली ही गोष्ट माझ्या मते या गिरणीची सर्वांत मोठी शिफारस आहे.

शेतात जे काही कमावले ते दळताना गमावता येते, म्हणून दळणाविषयी थोडे विस्ताराने लिहिते. इथली चक्की संथ चालते आणि दगडांना वेळेवर टाकी लावली जाते. पीठ पडते त्या कापडी नळीखाली मी हात धरून पाहिला तर ते कोमट होते, चटका बसण्याइतके गरम नव्हते. दगड गुळगुळीत झाले की दाणा कापला न जाता घासला जातो, पीठ तापते, अंकुरातील तेल बाहेर येऊन हवेशी लवकर मिसळते आणि ई जीवनसत्त्व व ल्युटिन दोन्ही कमी होऊ लागतात. आपल्या दमट हवेत ही प्रक्रिया आणखी वेगाने होते. दोन वर्षांपूर्वी पणजीत एका दुकानातून आणलेले महागडे ‘सेंद्रिय, जात्यावरचे’ पीठ उघडताच खवट वास आला होता. गहू कितीही निगुतीने वाढवलेला असो, तीन महिने पाकिटात बसलेल्या त्या पिठात त्याचे काय उरले असणार? फोंड्याच्या या गिरणीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत एका वेळी पाच किलोपेक्षा जास्त दळून देत नाहीत. पहिल्यांदा मला ते गैरसोयीचे वाटले, आता पटते.

चाळण्याची पद्धत मात्र बदलायला हवी. न विचारता पीठ चाळून देण्याची इथे सवय आहे, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना पांढरी, मऊ पोळी हवी असते. एकदा मी त्यांच्या चाळणीने एक किलो पीठ चाळून घेतले आणि वर राहिलेला कोंडा वजन केला तर तो साठ ग्रॅम भरला. ज्या फेरुलिक आम्लासाठी, तंतूंसाठी आणि जस्तासाठी वही राखायची, त्यांचा मोठा वाटा त्या साठ ग्रॅमांत असतो. तो कोंडा संध्याकाळी गुरांसाठी जातो. ‘चाळू की नको’ एवढे विचारण्याची प्रथा पडली तर वरच्या पाटीपेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल.

कोंडा ठेवला म्हणजे फायटिक आम्लही राहिले, ही शंका योग्य आहे. त्यावर उपाय आपल्या पदेरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. पीठ रात्रभर आंबले की गव्हातीलच फायटेज हे विकर (एन्झाइम) फायटिक आम्ल तोडते, जस्त आणि लोह मोकळे होतात, आणि जखडलेल्या फेरुलिक आम्लाचाही काही भाग सुटतो. कोंड्याची पोई (गोव्याचा एक पाव) पूर्वी माडाच्या सुरेवर सावकाश फुगत असे. आता यीस्ट घालून दोन तासांत काम उरकले जाते आणि तेवढ्यात हे पुरेसे घडत नाही. मी याच गिरणीचे न चाळलेले लोकवन पीठ रात्री थोड्याशा जुन्या आंबलेल्या कणकेत भिजवून सकाळी घरी पोई भाजते. रंग तपकिरी येतो, आंबूस गोड वास येतो आणि सासूबाई दोन खातात.

सेवेबद्दल सांगायचे तर तोल चोख आहे, आधीच्या गिऱ्हाइकाचे पीठ मिसळू नये म्हणून चक्कीत पहिली मूठ आपल्याच गव्हाची दळून बाजूला काढतात, आणि सकाळी दहाच्या आत गेल्यास थांबावे लागत नाही. गाडी लावायला जागा नाही. वही मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात आहे, पण ती काउंटरच्या आत असते, मागितली तरच मिळते. अवश्य मागावी. माझ्या सांगण्यावरून यंदाच्या नव्या वहीत ‘झिंक’ आणि ‘गंधक’ असे दोन रकाने आखले आहेत. आतापर्यंत सात पोत्यांपैकी दोनच शेतकऱ्यांचे उत्तर आले आहे, त्यांपैकी एकाने झिंक सल्फेटची फवारणी केली होती. त्या पोत्याचा क्रमांक १४ असून गहू लोकवन आहे, आणि गेल्या शनिवारी त्यातले निम्मे शिल्लक होते.